गिळलेल्या ओळी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रोपवेच्या खालच्या स्टेशनात यूहानच्या संगणकाच्या पडद्यावर आकडा आला : तीन. पहाटे सर्व्हरने आपणहून चालवलेल्या त्याच शोधाचा आकडा होता एकसष्ट.

शोध साधा होता. रोपवेच्या नोंदींच्या फायली चाळायच्या आणि वरच्या स्टेशनचा ब्रेक उशिरा धरल्याचा इशारा महिन्याभरात किती वेळा आला ते मोजायचं. पाचाच्या आत असेल तर दहाला पाळणे सुरू. आज छिंगमिंगचा सण, पूर्वजांची थडगी झाडायला निघालेली तीनशे माणसं झाडू, फुलं घेऊन खाली रांगेत उभी होती.

"सर्व्हर रुसलाय," पांगदादा म्हणाले. परवानगीचा शिक्का त्यांच्याकडे. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून सर्व्हरवर ठेवलेलं मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पुडकं त्यांनी उलटं केलं. "बघ, गेल्या महिन्यातच मुदत संपली! मग काय होणार?"

"दादा, पुडकं बदलून आकडा बदलणार नाही."

"तुझा तीन मला आवडला. तुम्हा शिकलेल्यांना चांगली बातमी पचतच नाही बघ." हसत ते निघून गेले.

यूहानने शोध पुन्हा चालवला. तीन. ती आज्ञांची साखळी होती : पहिली कडी ओळी शोधी, दुसरी नको त्या गाळी, तिसरी मोजी. तिने शेवटची कडी काढली, मग मधली. अहवाल स्वच्छ दिसावा म्हणून मधल्या कडीत कुणीतरी एक संदेश गाळून टाकला होता. आता तो अठ्ठावीस वेळा उमटला : ही फाइल मजकुराची नाही, पण तिच्यात जुळणारी ओळ आहे.

मजकुराची नाही? तिने एक उघडली. वरच्या स्टेशनचा संगणक चिनी अक्षरं जुन्या पद्धतीने साठवी, तिचा नव्या पद्धतीने वाची. यंत्राच्या ओळी दोघांनाही कळत. पण माणसाने टिपण लिहिलं की तिथे शोध अडखळे आणि फायलीतलं पुढचं सगळं गिळून टाकी. पहाटेचा सर्व्हर अक्षरांच्या भानगडीत न पडता नुसते बाइट बघे, म्हणून त्याला सगळं सापडलं होतं.

म्हणजे वर कुणी काळजीने काही लिहिलं, की नेमकं त्यानंतरचंच हरवत होतं.

तिने जुन्या पद्धतीने फायली उघडल्या. वरचं स्टेशन सांभाळणाऱ्या शीकाकांची टिपणं. 'जळका वास.' 'ब्रेकवर पुन्हा तेल गळलं.' खाली कळवायचं म्हणजे नोंदीत लिहायचं, हा इथला रिवाज. 'कळवलं, उत्तर नाही.' आज सकाळी सात : 'रिकामे पाळणेही उशिरा थांबले. माणसं चढवू नका.'

खिडकीची काच थरथरू लागली. नऊ बावन्न. गर्दी बघून पाळणे दहाच्या आधीच सुरू केले होते.

ती नियंत्रण कक्षाकडे धावली. पांगदादांसमोर परवानगीच्या कागदावरचा शिक्का अजून ओला होता. "दादा, आकडा एकसष्ट आहे! ब्रेक गेलाय!"

पांगदादांचा हात तातडीने थांबवायच्या लाल बटणाकडे गेला.

"ते नको! ते त्याच ब्रेकवर चालतं, तो धरला नाही तर पाळणे मागे घसरतील. मोटर हळू करा, पण बंद पडू देऊ नका. चढलेत त्यांना वर पोचवा."

त्यांचा हात हवेतच थांबला. काचेपलीकडे अकरा पाळणे दरीवर लोंबत होते. त्यांनी मोटरचा वेग कमी केला आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच वरच्या स्टेशनला फोन लावला.

"शीकाका..."

"वाचलंत एकदाचं?" पलीकडचा आवाज शांत होता. "मोटर सोडू नका. इथे ब्रेकमधून धूर निघतोय."