देवीच्या तळ्यातले चार शिंतोडे

पटकीने खालापुरात माणसं जायला लागली, तेव्हा धोंडूबाईला काळजी लागली ती म्हशीची. तिचं दूध विकण्याआधी त्यात देवीच्या तळ्यातल्या पाण्याचे चार शिंतोडे द्यायचे, ही त्या घरची जुनी रीत. कोरं दूध विकलं की म्हैस आटते म्हणे.

सून जयवंताने आदल्या दिवशी त्याच तळ्यावर चिंधीला पाहिलं होतं. चिंधीचा नवरा पटकीने गेला होता आणि ती त्याची गोधडी पायरीवर आपटत होती. आपटताना रडत होती. तिला कोण काय बोलणार?

सकाळी चार महिन्यांचा लेक मांडीवर घेऊन जयवंता दुधाच्या घागरीपाशी बसली. समोर हिरामण लोटी घेऊन उभा. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. घरी तान्ही पोर, याच दुधावर जगणारी.

धोंडूबाईने तळ्याच्या पाण्याचा तांब्या आणला आणि त्यात बोटं बुडवली. जयवंताने घागरीच्या तोंडावर हात धरला.

"हात काढ, जयवंते."

"नाय काढत. त्या पाण्यात पटकीची गोधडी धुतलीय, आत्याबाय."

"चार थेंबांनी कोन मरतंय गं?"

"मग चार थेंबांवाचून म्हैस तरी का मरंल?"

हिरामणला हसू फुटलं. धोंडूबाईने डोळे वटारताच ते विरलं.

"लय शानी झालीस! म्हैस आटली तर काय खाशील?"

"मोळ्या विकीन. पन ह्याच्या पोरीच्या दुधात हे पानी पडनार नाय." जयवंताने लेकाला उचलून सासूपुढे धरलं. "देवीचं हाय ना? तर आधी तुमच्या नातवाला पाजा."

बोलली खरी, पण नजर तांब्यावरच होती. सासूचा हात पुढे आला असता तर तिने तांब्या उडवलाच असता. पोराला काय त्याचं! आजीची ओली बोटं बघून त्याने बोळकं उघडलं आणि खुदकन हसलं.

धोंडूबाईची बोटं तिथेच थांबली. मग तिने तांब्या दारापुढच्या धुळीत पालथा केला.

"अगो, देवीचं पानी वतलंस?" रस्त्यावरून जाणारी मोतीबाई ओरडली.

"वतलं! देवीचं माझं मी बघून घेईन. तू तुझ्या घरी जा." सुनेकडे न बघताच ती निघाली. "हिरामणला दूध दे. मी चिंधीला घेऊन येते. उरलेलं धुनं आपल्या मागच्या परड्यात उकळू दे तिला. तळ्यावर नको."