पपई घातलेलं मटण

शेहेचाळीस सालच्या त्या रविवारी रुख्मिणीबाईंनी मटणात कच्ची पपई घातली आणि पहिलं ताट सुनेपुढं, गोपिकेपुढं ठेवलं. पोटुशी बाई पपई खात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. उद्या उमरेडला मुलगी पाहायला जायचं होतं, मुलाच्या दुसऱ्या लग्नासाठी.

गोपिकेचे दिवस वर गेले होते. हे तिनं फक्त नणंदेला, प्रेमिलेला सांगितलं होतं. याआधी दोनदा गर्भ राहून गळाला, तेव्हा घरानं तिला बोलून बोलून सोललं होतं.

"खाऊन टाक वं वहिनी," प्रेमिला कुजबुजली. "पपईच्या चिकातल्या एन्झाइमनं, म्हंजे पाचक रसानं, मटण मऊ होते, पण शिजल्यावर त्याचा जोर मरते. शाळेत बाईंनी शिकवलं. गर्भ बी तसाच आपल्या रसानं पिशवीचं अस्तर विरघळवून आत रुजते."

"अन् नाही रुजला तं?"

"कैकदा नाही रुजत. त्यात बाईचा दोष नसते."

"हे तुह्या आईले सांग."

खाल्लं तर सवत येणार, नाही खाल्लं तर साऱ्या घराचे डोळे पोटावर. गोपिकेनं ताट हळूच सरकवलं. "मले नको, आत्याबाई."

रुख्मिणीबाई हसल्या. "अहो, उमरेडचं महिनाभर राहू द्या," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मग सुनेकडं वळल्या. "आता घराबाहेर निघू नको. अन् या खेपेले नीट सांभाळ."

गर्भ गळाला तर वहिनीचा दोष नसतो, हे आईला सांगायला प्रेमिलेनं तोंड उघडलं. गोपिकेनं पदराआडून तिचा हात घट्ट दाबला.