काळी तीनवरची टिकली

सेक्टर दहाच्या मराठी मंडळाची पेटी जुनी, आणि तिची रीतही जुनी. गाणारी प्रत्येक पोरगी आपल्या ‘सा’च्या पट्टीवर आपली टिकली चिकटवते, म्हणजे वाजवणारा चुकायला नको. नीतूची हिरवी टिकली काळी तीनवर होती. तीन महिने पेटी वाजवणाऱ्या सिद्धांतनं तीच पट्टी धरून तिच्याकडून नायिकेची पदं घोटून घेतली. गणपतीतल्या संगीत नाटकात नायिका तूच, असं तोच म्हणायचा.

आणि निवडीच्या दिवशी तिचा आवाज फाटला! वर जाताना असा चिरकला की मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या. नायिका झाली यामिनी, मंडळाच्या अध्यक्षांची लेक. “भेली असशील बेटा,” नीतूचे बाबा म्हणाले. नाटकाच्या दिवसाची प्लांटमधली शिफ्ट आधीच बदलून बसले होते बिचारे. आपण घाबरलो, हे नीतूलाही पटलं. तिनं घरात गुणगुणणंसुद्धा सोडलं.

आज कोरसच्या तालमीआधी पेटी पुसायचं काम तिच्याकडे आलं. पाहते तो काय, हिरवी टिकली काळी पाचवर! काळी तीनवर नुसता गोंदाचा डाग.

सिद्धांत शेजारीच होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“तू सरकवली? मले इतक्या वरून गायले लावलं?”

“धीरे बोल ना यार! यामिनीचे पप्पाच हॉल देऊन राहिले. ती नायिका झाली नसती तर नाटकच झालं नसतं. लतिकाकाकूंनी ‘इतक्या वरून का?’ विचारलं तर दाखवता यावं, म्हणून टिकली...”

“अन् मी तीन हप्ते माह्या गळ्याले शिव्या देऊन राहिली!”

अस्सा संताप आला तिला की रडूही येईना. तीन महिने ज्याच्या बोटांवर डोळे मिटून भरवसा ठेवला, त्यानंच गळा कापावा? तिनं टिकली खरवडून जुन्या डागावर दाबली.

“वाजव आता.”

त्यानं निमूट वाजवलं. नीतू अख्खं पद गायली, वरच्या सुरासकट, कुठंही न अडखळता. नाटक बसवणाऱ्या लतिकाकाकू दारात चपला काढता काढता थांबल्या.

“अगं बाई! त्या दिवशी काय झालं होतं मग तुला?”

 नीतूनं सिद्धांतकडे पाहिलं. वेडीला अजूनही वाटत होतं, आता तरी हा खरं सांगेल.

सिद्धांतनं पेटीचा भाता बंद केला.

“भेली होती ती, काकू,” तो म्हणाला.