डाव्या हातानं पाहिलेलं पाणी

सासूबाईंनी न्हाणीत पाय लांब केले. "आण तिले."

निशी आठ महिन्यांची. जन्मापासून तिला त्याच पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या. ती तीन महिन्यांची असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय पुन्हा चालू झाले, पण मागून डाव्या अंगाची आग सुरू झाली. पदर घासला तरी कळवळायच्या. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, हात चांगला आहे, दुखणं मेंदूतलं आहे. गोळी रोज रात्री, मधेच बंद करायची नाही. आणि त्या हाताला गरम-थंड नीट कळणार नाही.

झटक्यानंतर अंघोळ मीच घालत होते; आज त्यांनी हट्टच धरला, म्हणून मी निशीला दिलं. त्यांनी उजव्या हातानं तिला धरलं, डावा बादलीत घातला.

"थंड हाय व सारिका. अजून गरम टाक."

मी तांब्या उचलला, पण मन होईना. कोपर बुडवून पाहिलं आणि झटकन मागे घेतलं. पाणी चटका बसण्याइतकं कढत होतं. निशी त्यांच्या मांडीवर पाय झाडत होती. डाव्या मांडीवर तिची टाच लागली, तसे त्यांनी दात आवळले. मी तिला उचलून घेतलं.

"आई, गोळ्या घेता ना?"

"हाव."

"पाकिटात दोनच उरायला हव्या होत्या. अकरा आहेत."

त्या बादलीकडे पाहत राहिल्या. "गोळीनं गुंगी येते. सकाळी डोळे उघडत नाहीत. झोपाळू बाईच्या पायावर तू पोरगी देशील काय? खरं सांग."

मी नसती दिली.

"मंग काऊन इचारतं? आग सोसतो मी."

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांना ऐकू येईल असा. नऊ दिवस चुकले, तर पुन्हा छोट्या गोळीपासून, ते म्हणाले. झोपताना नाही, संध्याकाळी सातला. गुंगी राहिलीच तर कळवा, बदलू.

"अन् अंघोळ?" सासूबाईंनी फोनकडे तोंड करून विचारलं.

"दुपारी घाला. पाणी सूनबाई पाहतील."

आता अंघोळ दुपारी तीनला असते. सासूबाई निशीला उजव्या मांडीवर घेतात आणि बादलीला हात लावत नाहीत.

"पाह्यलं का व?"

"पाहिलं, आई."

"पुन्हा पाह्य."

मी पुन्हा कोपर बुडवते.