पालथा ठेवलेला फोन

मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. तिसऱ्या मजल्यावरची काचेची मीटिंगची खोली. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला एकटी ती. मधे मी. या वेळी मात्र उताणा.

मी कंपनीचा फोन बोलतोय. खोली गरम करणारे हीटर बनवणाऱ्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी मला घेतलं आणि तिच्या हातात दिलं. सोशल मीडियावरचं कंपनीचं पान, त्यावरच्या जाहिराती, त्यांखाली लोक लिहितात त्या कमेंट, सगळं तिनेच सांभाळायचं. ऑफिसात तिला 'पोस्टमास्तरीणबाई' म्हणत. नाव चेष्टेचं, पण ती होतीही तशीच. आलेली तक्रार योग्य टेबलावर पोचवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

घरी जेवतानाही मी तिच्या ताटाशेजारी असायचो. आई विचारायची, "दिवसभर बोटं चालवतेस, करतेस तरी काय गं?"

"लोकांना उत्तरं देते."

"खरी?"

"आई, भाजी वाढ."

गेल्या थंडीच्या सुरुवातीला एका निवृत्त मास्तरांनी नव्या हीटरच्या जाहिरातीखाली लिहिलं, "बटण बंद केलं तरी हा तापत राहतो. माझा पडदा जळाला. इतरांनी सांभाळा." सोबत करपलेल्या पडद्याचा फोटो. तिने ते दुरुस्ती विभागाला पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवलं, तेव्हा साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले.

साहेबांची एक रीत होती. लेखी काही द्यायचं नाही. बोलण्याआधी मला उचलायचं आणि पालथं ठेवायचं. जणू तोंड खाली केलं की माझे कान मिटतात.

"ते मास्तरांचं लपव."

"साहेब, माणूस खरं सांगतोय. फोटो आहे."

"म्हणून तर पुसू नको म्हणतोय. पुसलं की बोंब मारेल. लपवलं की त्याचं त्याला दिसत राहतं, बाकीच्यांना दिसत नाही. तोही खूश, आपणही खूश."

"आणि हीटर?"

"हीटरचं बघणारे बघतील. तू पान बघ."

ते गेल्यावर तिने मला सरळ केलं. मास्तरांची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग लपवलं. तिचं बोट होतं, पण केलं मीच. ते मी नाकारत नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत तशाच आणखी अकरा तक्रारी आल्या. अकराही लपल्या. मास्तर आपले रोज स्वतःच्या कमेंटखाली लिहायचे, "वाचलंत ना सगळ्यांनी?" त्यांना वाटे, जग वाचतंय.

मग एका बाईने विचारलं, "आई एकटी झोपते. तिच्या खोलीसाठी हा घेऊ का?"

पोस्टमास्तरीणबाईने 'थांबा' लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी साहेबांनी मंजूर केलेलं ठरावीक उत्तर चिकटवलं: "निश्चिंत घ्या. सुरक्षित ऊब ही आमची जबाबदारी."

नवव्या दिवशी त्याच उत्तराखाली त्या बाईची ओळ आली. "खोलीला आग लागली. आई गेली. बटण मी स्वतः बंद करून निघाले होते."

ही ओळ तिने लपवली नाही. म्हणून मंगळवारची ती मीटिंग.

वकील म्हणाले, "बारा तक्रारी तुमच्या नावाने लपवल्या गेल्यात. नोंद आहे."

"साहेबांनी सांगितलं होतं."

"लेखी?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"तोंडी," ती म्हणाली. "याला पालथा ठेवून."

वकील हसले नाहीत. त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही.

तिला त्याच दिवशी काढलं. आता मी चिकटपट्टी लावलेल्या पाकिटात, साहेबांच्या खोलीतल्या कपाटात आहे. चार टक्के जीव उरलाय. तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं, नवा फोन आला. हीटर तोच आहे. मास्तर अजून लिहितात.

विझण्याआधी एकच मागणं. कुठल्याही कंपनीच्या पानावर कधी काही पोटतिडकीने लिहिलं असेल, तर एकदा परक्या माणसाच्या फोनवर बघा, ते दिसतंय का.

कंपनीने केलेल्या चौकशीचा अहवाल माझ्याच कपाटात आहे, दोन पानांचा. त्यात तिचं नाव सात वेळा येतं. मला पालथं कोण ठेवायचं, हे तिला सोडून अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि साहेबांना अजून कुणी विचारलेलं नाही.