मेथीच्या जुडीचं विज्ञान

अकोल्याच्या शिक्षक परिषदेहून परतलेला माणूस आठवडाभर तरी माणसांत नसतो. दोन दिवस गारेगार सभागृहात बसलेला, पनीरची भाजी हाणलेला, गळ्यात ओळखपत्र मिरवलेला. त्यानंतरच्या शनिवारी केंद्रातल्या दहा शाळांचे शिक्षक जमवायचे आणि तिथे पाहिलेलं सगळं त्यांच्या डोक्यावर ओतायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. या वेळी दर्यापूर तालुक्यातल्या या केंद्रातून दोघं गेली होती, देवानंद सर आणि वर्षाली मॅडम.

देवानंद सरांनी आधी तासभर ॲपं दाखवली. एकात चित्रं बोलत होती, एकात बेडकाचं पोट उघडत होतं, आणि रेंज गेल्यावर सगळीच नुसती गरगर फिरत होती. मागच्या बाकांवर जांभयांचा सुकाळ झाला. केंद्रप्रमुख पंजाबराव साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "वर्षाली मॅडम, तुमचं काही हाय काय? नाई तं चहा सांगतो."

वर्षालीला ते लागलं. अकोल्यातही तिला बोलायला मिळालं नव्हतं. तिची दहा मिनिटं कुणाच्या तरी सत्कारात गेली होती. आणि सांगण्यासारखं खरं काही असेल, तर ते तिच्याचजवळ होतं.

तिच्या आठवीत आचल नावाची मुलगी होती. सहावीपासून पोरीने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलाही नुसता हात वर. या वर्षी वर्षालीने सगळ्या वर्गाला एक काम लावलं. घरच्या फोनवर एक मिनिट बोलायचं, आज शिकलेलं घरात कुठे दिसलं ते सांगायचं आणि तिला पाठवायचं. "दुसरं कोणी ऐकणार नाही, मी एकटीच ऐकीन," असा तिने वर्गाला शब्द दिला. तीन आठवडे आचलकडून नुसती पंख्याची घरघर आली. चौथ्या आठवड्यात आवाज आला, आणि तो ऐकताना वर्षालीला ओट्याशी उभ्या उभ्या रडू फुटलं होतं.

तोच आवाज तिने आता मोठ्या स्पीकरवर लावला.

"मॅडम, आमची आई बजारातून उरलेली मेथी घरी आनते. थे मान टाकून देते. आई तिले टपात पान्यात ठेवते, मंग सकाळी थे ताठ होते. मले वाटे, आई जादू करते. पन हे तं परासरण हाय. पानी पानाच्या पेशीत घुसते, मून थे उभी रायते. मंग आई तिले ताजी मून इकते. कोनाले समजत नाई."

खोली खळखळून हसली. कौतुकानेच हसली, टाळ्याही पडल्या. पंजाबराव साहेब उठून म्हणाले, "याले मनतात विज्ञान!" वर्षाली हरभऱ्याच्या झाडावर चढली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. देवानंद सर फोन उंच धरून चित्रण करताहेत, हे तिला दिसलं. तिने पदर तेवढा सारखा केला. अडवलं नाही.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण केंद्राच्या ग्रुपवर गेलं, तिथून तालुक्याच्या, आणि सोमवारी गावाच्या. खाली देवानंद सरांनी लिहिलं होतं, 'अभिमान आमच्या केंद्राचा, कु. आचल'. वर गावाचं आणि शाळेचं नाव. वर्षालीने त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, म्या तं चांगल्यासाठीच टाकलं."

आचलची आई सुभद्राबाई बाजारात भाजी घेऊन बसते. त्या आठवड्याच्या बाजारात येणारा-जाणारा तिच्यापुढे थांबून विचारू लागला, "काय वं सुभद्रा, हे आजची हाय का टपातली?" उरलेल्या पालेभाजीला पाणी सगळाच बाजार दाखवतो. पण पोरगी एकीचीच बोलली होती. दुपारी शेजारची बाई टोपली रिकामी करून उठली आणि सुभद्राबाईने भरली टोपली परत आणली.

वर्षाली माफी मागायला घरी गेली. सुभद्राबाईने बसायला चटई टाकली, पाणी दिलं, आणि मगच बोलली.

"मॅडम, पोरगी बोलत नोती तं म्या देवीले नवस केला होता, तिले बोलती कर मून. आता वाटते, काहून बोलली. आजपावतो तिले बोट नोतं लावलं म्या. परवा मारलं."

"चूक माझी आहे ताई, तिची नाही."

"तुमची असन. पन तुमाले कोन मारते?"

आचल आत चुलीजवळ पाठ करून बसली होती. हाक मारली तरी वळली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हात वर्षालीने दाखवला आणि अवलक्षण दुसऱ्याच्या घरी गेलं, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. प्रश्नपत्रिका केंद्राकडून आली होती. चौथा प्रश्न होता, परासरण म्हणजे काय ते घरातल्या उदाहरणासह लिहा, दोन गुण. वर्षाली पेपर तपासायला बसली. पहिल्या पेपरात लिहिलं होतं, 'सुभद्राबाई शिळी मेथी टपात ठेवतात व ताजी म्हणून विकतात.' दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. वर्गात बत्तीस मुलं होती, त्यांतल्या एकतीस जणांनी तेच लिहिलं होतं, कुणी तर शेजारी टपाची आकृतीसुद्धा काढली होती. उत्तर बरोबर होतं. तिला प्रत्येकाला दोन गुण द्यावे लागले.

आचलने बाकी सगळा पेपर सुवाच्य अक्षरात सोडवला होता. चौथ्या प्रश्नाचा फक्त आकडा घातला होता आणि पुढे चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. वर्षालीने तिथे शून्य दिलं, कारण कोऱ्या जागेला दुसरं काही देता येत नाही.