घरी शांत खोली आहे का?

“‘घरी अभ्यासाला शांत खोली आहे का?’ काय टाकू, ताई?” धाकट्या डॉक्टरणीने मोबाइलवरून मान वर केली.

“न्हाणीघर धरलं तर आहे.” ताई मांजरीच्या पोटावरचे टाके काढत होत्या. हात अडकलेले, म्हणून अर्ज भरायचं काम धाकटीकडे.

जनावरांच्या शस्त्रक्रियेची तज्ज्ञ-परीक्षा ताई दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी संधी शेवटची, आणि अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. धाकटी त्यांच्याच हाताखाली शिकली, आणि गेल्या वर्षी पहिल्याच फटक्यात पास झाली.

“‘आठवड्याला किती तास अभ्यास?’”

“लेक झोपली की सुरू, उठली की बंद. तूच काढ आता हिशोब!”

“‘मागच्या वेळी कुठे अडलं?’”

ताई गालातल्या गालात हसल्या. पेपरात एका कुत्र्याच्या मोडलेल्या पायाचा एक्स-रे होता, शेजारी त्याचा फोटो. हाड कसं बसवायचं, एवढंच विचारलेलं. पण त्याचे डोळे बघवेनात. ताईंनी आधी कळ कशी थांबवायची तेच पानभर लिहिलं. हाडापर्यंत पोचेतो घंटा झाली.

“लिही, वेळ पुरला नाही.”

“आता शेवटचं. ‘पुन्हा बसणार का?’”

ताईंनी शेवटचा टाका ओढून काढला. सकाळी लेक म्हणाली होती, “आई, तू पास झालीस की खेळशील ना माझ्याशी?”

मांजर टोपलीत गेली, तोच एक आजोबा आत आले. कवेत म्हातारी कुत्री.

“तज्ज्ञ डॉक्टर कोण इथं?”

“ह्या,” ताईंनी धाकटीकडे बोट केलं. आजोबांनी लगेच ताईंकडे पाठ फिरवली.

धाकटी कुत्रीचं पोट चाचपू लागली. बघता बघता ताईंचीच बोटं हलायला लागली. “हात जरा मागे घे. हं… आता खोल दाब,” त्या म्हणाल्या.

धाकटीच्या हाताला गाठ लागली.

“तुमच्या मदतनीस बाई हुशार आहेत हो!” आजोबा धाकटीला म्हणाले.

तिचा चेहरा गोरामोरा झाला. ती काही बोलणार, इतक्यात ताईंनी तिला नजरेनेच गप्प केलं. टेबलावरचा मोबाइल उचलला आणि ‘हो’वर अंगठा टेकवला.

मग टेबलाला वळसा घालून त्या मदतनिसाच्या जागी उभ्या राहिल्या. कुत्रीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, आणि तिची थरथर थांबेपर्यंत तशाच वाकून राहिल्या.